गर्ट्रूडचा पुनर्विवाह आणि मराठी क्रियापद

इंग्रजी प्रबोधनकाळातील शोकात्मिकांचा स्त्रीवादी दृष्टीने विचार करणाऱ्या समीक्षेस आता अर्धशतक होत आले आहे. ज्युलिएट ड्यूसिनबेअर यांचा शेक्सपिअरकालीन स्त्रीविषयक ग्रंथ १९७५ मध्ये आला. लिसा जार्डिन यांनी १९८३ मध्ये त्यातील आशावादी निष्कर्षांना छेद दिला. १९८५ मध्ये कॅथरीन बेल्सी आणि १९८९ मध्ये डिम्फ्ना कॅलॅहन यांनी प्रश्नाचे स्वरूपच पालटून टाकले. त्यापूर्वीचा अभ्यासक नाटकातील स्त्रीपात्रे चांगली की वाईट, दुबळी की कणखर, असे विचारीत असे. नाटकात ‘स्त्री’ ही कोटी घडविली कशी जाते, कोणाच्या बोलण्यातून घडते आणि कोणाच्या मौनातून, असा प्रश्न या दोघींनी उपस्थित केला. या मताप्रमाणे शोकात्मिका स्त्रीत्वाचे केवळ चित्रण करीत नाही. रंगमंचावर ती ते उभे करते, आणि नायकाच्या दुःखास आधार हवा म्हणून उभे करते.

हे सर्व विवेचन इंग्रजी संहितेवर आधारलेले आहे, आणि इंग्रजी ही अशी भाषा आहे की तिच्यात ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत भेद नाही. ही गोष्ट क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आपल्या इंग्रजी विभागांत हे ग्रंथ गेली तीस-चाळीस वर्षे अभ्यासले जातात. परंतु मराठीत आलेल्या शेक्सपिअरला ते लावून पाहताना भाषाच बदललेली आहे याचे भान क्वचितच राखले जाते. अनुवाद म्हणजे आशयाचे स्थलांतर अशी समजूत त्यामागे असावी. प्रस्तुत प्रश्नापुरती तरी ती समजूत टिकणारी नाही.

शेक्सपिअरच्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगेच करीत, हे सर्वश्रुत आहे. लंडनच्या व्यावसायिक रंगमंचावर ऑथेल्लोची पत्नी म्हणून एक स्त्री उभी राहिली ती ८ डिसेंबर १६६० या दिवशी, म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. तिचे नाव निश्चितपणे सांगता येत नाही. डेस्डिमोनाच्या पहिल्या अभिनेत्रीचे नाव इतिहासास सापडू नये, हीही एक बोलकी गोष्ट म्हणावी लागेल. मराठीत हा क्रम जवळजवळ तसाच घडला. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट ज्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने गाजविला, तिच्यातील प्रमुख स्त्रीभूमिका बाळाभाऊ जोग करीत. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा आग्रह प्रतिष्ठित नाटकात खऱ्या अर्थाने रुजला तो १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकापासून, असे सामान्यतः मानले जाते. झाडीपट्टीतील दंडारीतही स्त्रीवेष पुरुषच घेत.

साम्य येथवरच आहे. लंडनचा मुलगा ‘मी थकलो’ किंवा ‘मी थकले’ यांपैकी काही निवडीत नव्हता. त्याचे स्त्रीत्व वेषात, आवाजात आणि इतर पात्रांच्या संबोधनात होते. त्याच्या स्वतःच्या उत्तमपुरुषी वाक्यात ते नव्हते. मराठी स्त्रीपार्टी नटाला मात्र ‘मी आले’, ‘मी भिते’, ‘मी बसले’ असे म्हणत प्रत्येक वाक्यागणिक आपल्या स्त्रीत्वाची नव्याने ग्वाही द्यावी लागे. जार्डिन यांनी मुलाच्या देहाभोवती निर्माण होणाऱ्या ज्या संदिग्धतेचे विवेचन केले आहे, ती संदिग्धता मराठीत क्रियापदाच्या प्रत्ययातच मिटून जाते. निदान मिटविण्याचा प्रयत्न तरी भाषा करते.

तरीही मराठी क्रियापद सर्वत्र सारखे वागत नाही, आणि येथूनच विषय खऱ्या अर्थाने रोचक होतो. ‘मी करीन’, ‘मी जाईन’ ही भविष्यकाळची रूपे स्त्रीपुरुष दोघांची एकच आहेत. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्मणी किंवा भावे प्रयोग होतो, त्यामुळे ‘मी दार उघडले’, ‘मी त्याला मारले’ या वाक्यांत कर्त्याचे लिंग लोपते. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत प्रयोगविचाराची पुष्कळ चर्चा झाली. तिचा नाट्यसमीक्षेस काही उपयोग होईल असे मात्र फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. तो उपयोग असा : मराठीत संकल्पाला लिंग नाही आणि सिद्ध झालेल्या सकर्मक कृतीलाही लिंग नाही. लिंग आहे ते चालू अवस्थेला आणि अकर्मक भोगाला. करणारी स्त्री व्याकरणातून निसटते. थकणारी, भिणारी, रडणारी स्त्री पकडली जाते.

मॅक्बेथच्या पत्नीचा विचार या दृष्टीने करून पाहावा. आपले स्त्रीत्व काढून घ्यावे म्हणून ती दुष्ट शक्तींना आवाहन करते, हा प्रसंग स्त्रीवादी समीक्षेत वारंवार चर्चिला गेला आहे; क्रौर्य हवे असेल तर स्त्रीत्व टाकावे लागते हे तिनेही गृहीत धरले आहे, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ या रूपांतरात १९५४ मध्ये दुर्गा खोटे यांनी ही भूमिका केली, तेव्हा तिच्यासमोर नानासाहेब फाटक होते आणि दिग्दर्शन हर्बर्ट मार्शल यांचे होते. प्रयोगाच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यायचे ते एवढेच की या पात्राचा कोणताही मराठी अवतार घेतला, तरी कट रचताना ती भविष्यकाळात बोलते, पतीच्या हातून राहिलेले काम पुरे करते तेव्हा सकर्मक भूतकाळात बोलते, आणि या दोन्ही ठिकाणी मराठी तिची मागणी आपोआप पुरी करते. झोपेत चालण्याच्या प्रवेशात मात्र तिची वाक्ये अवस्थेची होतात. तेथे प्रत्यय परत येतो.

आगरकरांच्या हॅम्लेटकडे वळले म्हणजे हा प्रश्न व्याकरणापुरता उरत नाही. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म जुलै १८५६ चा. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदाही त्याच महिन्यातला. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले, आणि ‘विकारविलसित’ या नावाने हॅम्लेटचे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रीशिक्षण आणि विधवांची स्थिती यांविषयी त्यांनी पुढे ‘सुधारका’तून किती निकराने लिहिले हे सांगण्याची आवश्यकता नाही. विधवेच्या पुनर्विवाहाचा हा कैवारी आपल्या भाषेत आणतो ते नाटक कोणते? विधवा आईने पुन्हा लग्न केले म्हणून मुलगा जीव नकोसा होण्याइतका उद्विग्न होतो, समस्त स्त्रीजातीस दुबळेपणाचे नाव देतो, आणि आईच्या शय्येविषयी कोणत्याही सभ्य श्रोत्यास ऐकवणार नाही असे बोलतो, असे ते नाटक! १८७० मध्ये पुण्यास या प्रश्नावर शास्त्र्यांचा जाहीर वाद झाला होता. त्यास तेरा वर्षे होतात न होतात, तोच पुनर्विवाहाविरुद्धचे सर्वांत तेजस्वी वक्तृत्व मराठीत एका सुधारकाच्या लेखणीतून उतरते.

याचा अर्थ आगरकरांना विसंगती दिसली नाही असा करणे अन्यायाचे होईल. त्यांनी दिलेले नावच याबाबत पुरेसे सूचक आहे. मूळ नाटकास नायकाचे नाव आहे. मराठी नावात ‘विकार’ आहे, आणि तो कोणाचा हे सांगितलेले नाही. राजपुत्राच्या मते सगळा विकार आईच्या ठायी. नावातील सामासिक शब्द ही मालकी मान्य करीत नाही. मुलाचा संताप, दिराचा लोभ, कन्येवरील पित्याचा धाक हे सर्व त्या एका शब्दात सामावतात. भाषांतरकाराने संहितेत हस्तक्षेप न करता नावापुरता का होईना, राजपुत्राशी मतभेद नोंदविला आहे, असे वाचण्यास येथे जागा आहे.

इंग्रजी समीक्षेत गर्ट्रूडची बाजू प्रथम नीट मांडली ती कॅरोलिन हाइलब्रुन यांनी, १९५७ मध्ये. ही राणी उथळ नसून मोजके व नेमके बोलणारी आहे, असे त्यांनी तिच्याच वाक्यांवरून दाखविले. १९८० मध्ये रिबेका स्मिथ यांनी पुढचे पाऊल टाकले : प्रेक्षकाच्या मनातील कामुक राणी ही पती, दीर आणि पुत्र या तिघा पुरुषांच्या शब्दांतून तयार झालेली आहे, तिच्या स्वतःच्या बोलण्यात तिचा मागमूस नाही. १९९२ मध्ये जॅनेट ॲडलमन यांनी मातेच्या देहाविषयीची नायकाची भीती हेच नाटकाचे केंद्र मानले. ॲडलमन यांचे प्रतिपादन मनोविश्लेषणाच्या भाराने काही ठिकाणी वाकलेले आहे. पण राजपुत्राला खुनापेक्षा विवाह अधिक सलतो हे त्यांनी सांगितल्यावर नाकारणे कठीण जाते. भूत भेटण्यापूर्वीच, म्हणजे खुनाची वार्ता कळण्यापूर्वीच, तो उद्विग्न झालेला असतो.

या विवाहातील पाप नेमके कोणते? इंग्रजी उत्तर एकच : पतीच्या भावाशी विवाह म्हणजे अगम्यगमन. शेक्सपिअरच्या श्रोत्यांस ही बाब पुस्तकी नव्हती. आठव्या हेन्रीने १५०९ मध्ये भावाच्या विधवेशी लग्न केले आणि १५३३ मध्ये ते रद्द ठरविले गेले, या घटनेवर तर त्या देशाच्या चर्चचा इतिहास पालटला. मृत भावाच्या पत्नीशी विवाह करण्यास इंग्लंडच्या कायद्याने मोकळीक दिली ती १९२१ मध्ये. आपल्याकडील १९५५ चा हिंदू विवाह कायदाही भावाच्या पत्नीस निषिद्ध नात्यांत धरतो. परंतु रूढीची मुभा असल्यास निषेध लागू नाही, असा अपवादही तोच करतो, आणि अनुसूचित जमातींना तो कायदा सामान्यतः लागूच नाही.

तो अपवाद ज्या प्रदेशांच्या जीवनातून आला त्यांत सिंदेवाहीचा परिसर मोडतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत गोंड समाजात विधवेने दिराशी संसार मांडण्याची रूढी होती, आणि रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात तिची नोंद आहे. अट एकच : तो धाकटा दीर असावा, थोरल्याशी हा संबंध चालत नाही. शेतकरी व कारागीर जातींतही विधवेचा पाट लागत असे. म्हणजे ब्राह्मण सुधारकाला जे मिळवायचे होते ते त्याच्या आसपासच्या बहुसंख्य समाजात पूर्वापार चालत आले होते. त्याचे नाव तेवढे वेगळे होते.

नावाचा हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावा असा आहे. इंग्रजीत गर्ट्रूडच्या पहिल्या आणि दुसऱ्या विवाहास एकच शब्द चालतो. मराठीत ‘लग्न’ एकदाच होते. नंतर लागतो तो ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’. ‘लग्नाची बायको’ आणि ‘पाटाची बायको’ या दोन शब्दप्रयोगांत घरातील मानपानाचा सगळा उतार दिसतो. ‘पुनर्विवाह’ हा तिसरा शब्द सुधारकांच्या चळवळीबरोबर प्रचारात आला; तो संस्कृत आहे, सभ्य आहे, आणि ज्यांच्यात पाट लागत नसे त्यांच्यासाठी आहे. गर्ट्रूडच्या कृतीसाठी या तिहींपैकी कोणताही शब्द निवडला तरी भाषांतरकार तिला एका जातीत नेऊन बसवितो. ‘पाट’ म्हटले की विवाह शिष्टसंमत नसला तरी पाप उरत नाही; ‘पुनर्विवाह’ म्हटले की तो धाडसाचा होतो; ‘लग्न’ म्हटले की राजपुत्राची तक्रारच लंगडी पडते.

नात्याच्या शब्दांचेही तसेच. क्लॉडिअस मृत राजाचा भाऊ आहे एवढेच इंग्रजी शब्द सांगतो. सिंहासनाच्या क्रमावरून तो धाकटा असावा असे अनुमान निघते, पण नाटकाला त्याची गरज वाटलेली नाही. विदर्भातील बोलीत हे अनुमानावर सोडता येत नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ तो भासरा, धाकटा तो दीर. एकापुढे पदर सावरायचा, दुसऱ्याशी थट्टा चालते. क्लॉडिअस ‘भासरा’ झाला तर हॅम्लेटची किळस या मातीतही समजते. ‘दीर’ झाला तर नाटकातील दोन आरोप एकमेकांपासून सुटे होतात : खून हा गुन्हा उरतो, विवाह हा उरत नाही. स्मिथ आणि ॲडलमन यांना पानेच्या पाने खर्चून जी गाठ सोडवावी लागली, ती येथे एका नातेवाचक शब्दाने सुटते.

परंतु यावरून जंगलपट्टीतील रूढी स्त्रीला मुक्त करणारी होती असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अशी घाई अलीकडे बरीच दिसते. दिराशी पाट लागतो त्यामागे विधवेच्या इच्छेचा सन्मान असतोच असे नाही. देज देऊन आणलेली सून, तिची मुले आणि तिचे कामाचे हात त्याच घरात राहावेत हाही हिशेब असतो. गर्ट्रूडचे नाटकातील स्थान याहून फार निराळे नाही. नवा राजा तिला दरबारात राज्याची वाटेकरीण म्हणून संबोधतो, तेव्हा सिंहासन आणि राणी एकाच भावाकडून दुसऱ्या भावाकडे गेल्याचे तो जाहीर करीत असतो. एका समाजात ती दिराकडे गेली म्हणून पापी ठरते, दुसऱ्यात दिराकडे गेली म्हणून शहाणी. ती कोणाकडेच न जाता, किंवा घराबाहेरच्या कोणाकडे जाऊन, राहू शकली असती काय, हा प्रश्न दोन्हीकडे विचारला जात नाही. वेबस्टरच्या माल्फीच्या उमराव विधवेने तो विचारला. १६१३-१४ च्या सुमारास रंगमंचावर आलेल्या त्या नाटकात ती भावांची आज्ञा मोडून आपल्याच कारभाऱ्याशी गुप्तपणे लग्न करते, आणि भाऊ तिचा गळा आवळवतात. इंग्रजी रंगभूमीवरील विधवाविवाहाची खरी शोकात्मिका हीच. मराठी रंगभूमीच्या परंपरेत वेबस्टरला शेक्सपिअरचे स्थान कधी मिळाले नाही, ही त्या परंपरेची हानी आहे.

भाऊबीज झाली, धान कापून झाले, की झाडीपट्टीत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा हे या व्यवसायाचे मुख्य ठाणे, आणि रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीचे नाव दिल्लीपर्यंत पोहोचले; तिच्या संहितांचा गंभीर अभ्यास अद्याप विरळाच आहे. आज येथे स्त्रीभूमिका स्त्रियाच करतात. कौटुंबिक नाटकातील सोशिक सून, विधवा आई, घर मोडणारी जाऊ ही पात्रे प्रमाण मराठीत बोलतात. बोली राहते ती विनोदी पात्रांकडे. या वाटणीचा समाजशास्त्रीय अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. व्याकरणातील अर्थ मात्र दुर्लक्षित राहिला.

पूर्व विदर्भाच्या बोलीत पुष्कळ स्त्रिया ‘मी येतो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात; उत्तमपुरुषात स्त्रीलिंगी प्रत्ययाची सक्ती तेथे शिथिल आहे. पुण्या-मुंबईच्या कानास हे चमत्कारिक वाटते, आणि शाळेत ते चूक म्हणून सुधारले जाते. सिंदेवाहीच्या एखाद्या शेतकरी स्त्रीने शामियान्यात बसून नाटक पाहिले तर तिला काय ऐकू येते? घरी स्वतः ‘मी थकलो’ म्हणणारी ती, रंगमंचावरची नायिका ‘मी थकले’ म्हणताना ऐकते. स्त्री बोलताना आपण स्त्री असल्याचे प्रत्येक वाक्यात सांगते, हे तिच्या दृष्टीने बोलण्याचे वळण नव्हे, गंभीर नाटकाचे वळण आहे. शोकात्मिका स्त्रीत्व घडविते, हे बेल्सी आणि कॅलॅहन यांचे म्हणणे येथे उपमेच्या पातळीवर राहत नाही. ते एका प्रत्ययाइतके मूर्त होते. याउलट विनोदी पात्राची बायको बोलीत ‘मी जातो’ म्हणते आणि प्रेक्षक हसतात, त्यांत ती शेतकरी स्त्रीही असते.

शयनगृहाच्या प्रवेशात हॅम्लेट आईवर जो आरोप ठेवतो तो सारतः विस्मृतीचा आहे. मराठीत ‘विसरणे’ हे क्रियापद सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालते. ‘बोलणे’ आणि ‘पिणे’ यांचीही तीच गत. त्यामुळे ‘मी मारले’ यात न दिसणारी स्त्री ‘मी विसरले’ यात दिसते. गर्ट्रूडचे दोष मराठीत नेमके अशाच क्रियापदांत येतात. १६०३ च्या पहिल्या मुद्रित प्रतीत ती आपल्याला खुनाची माहिती नसल्याचे स्पष्ट सांगते आणि मुलाला साहाय्य करण्याचे वचन देते. पुढच्या प्रतींत ते शब्द राहिले नाहीत, आणि तिच्याजवळ बोलण्यासारखे फार थोडे उरले.

शेवटच्या प्रवेशात राजा तिला पेला घेऊ नको म्हणून सांगतो. साऱ्या नाटकात तिने नवऱ्याची आज्ञा उघडपणे मोडण्याचा हा एकच प्रसंग. या ठिकाणी मराठी गर्ट्रूडला ‘पिईन’ म्हणावे लागते, आणि ते रूप कोणत्याही लिंगाचे नाही. काही क्षणांनी तीच मुलाला सांगते की पेल्यात विष होते, आणि तो आपण घेतला. तेव्हा पुण्याच्या मराठीत तिला ‘प्याले’ म्हणावे लागेल. सिंदेवाहीच्या बोलीत ती ‘प्यालो’ म्हणू शकेल.